जुनी ‘स्टिंग-रे’ हाती लागली आहे: मूळ रूपात आणायची, सजवायची की विकायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिकागोच्या उपनगरात राहून मी काही वर्षं ‘श्विन’ या अमेरिकन कंपनीच्या जुन्या सायकली दुरुस्त करतो आहे. हे इथल्या मराठी मंडळींना ठाऊक झाल्यापासून कुणाला गॅरेज सेलमध्ये लांबुळकं सीट आणि उंच हँडल असलेली श्विनची ‘स्टिंग-रे’ किंवा तिच्यासारखी ‘मसल बाईक’ दिसली, की तिचा फोटो माझ्या फोनवर येतो. पाठोपाठ प्रश्नही येतात आणि ते बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

मसल बाईक म्हणजे नेमकी कोणती सायकल?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं आपल्या २० इंची सायकलींना उंच, वर वळलेली हँडलं आणि पोलो खेळाच्या सायकलींसाठी बनलेली लांब सीटं लावू लागली. श्विन कंपनीतले अभियंते अल फ्रिट्झ यांच्या कानावर ही बातमी गेली. त्यांनी तशीच सायकल कारखान्यात बनवायचं ठरवलं आणि १९६३ साली ‘स्टिंग-रे’ बाजारात आली, किंमत ४९.९५ डॉलर. त्याच वर्षी हफी कंपनीनेही आपली ‘पेंग्विन’ आणली. पुढे सगळ्यांनीच री ओढली. मरेची ‘एलिमिनेटर’, सिअर्सची ‘स्पायडर’ ही त्यातली माहीत असलेली नावं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रॅलेने ‘चॉपर’ काढली आणि १९७०च्या दशकातली तिथली पोरं तिच्यासाठी वेडी झाली.

त्या काळी अमेरिकेत दणकट इंजिनाच्या ‘मसल कार’ गाड्यांची हवा होती. सायकलींनी त्यांचंच रूप उचललं: मागे रुंद, गुळगुळीत टायर, पुढे लहान चाक, नळीवर गाडीसारखा गिअरचा दांडा. नावही तिथूनच आलं.

एक गोष्ट मनात ठेवा, पुढे लागेल: ही सायकल आधी पोरांनी गल्लीत बनवली, मग कंपनीने कारखान्यात.

माझ्याकडची श्विनच आहे, हे कसं ओळखू? कोणत्या सालची आहे?

नावावर आणि स्टिकरवर जाऊ नका, ती आज विकत मिळतात. हँडलखालच्या नळीला जिथे दोन आडव्या नळ्या येऊन मिळतात, तिथे बोट फिरवा. श्विनच्या शिकागोतल्या फ्रेममध्ये हा सांधा ओघळत आल्यासारखा गुळगुळीत लागतो. वेल्डिंगचा उंचवटा लागत नाही आणि जोडाची बाहीही नसते. मग स्टँड बघा. तो नट-बोल्टने कसलेला नसतो. फ्रेमलाच वेल्ड केलेल्या नळीत त्याची स्प्रिंग बसवलेली असते.

सालासाठी क्रमांक शोधा. १९६९पर्यंतच्या सायकलींवर तो मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्या डाव्या पट्टीवर कोरलेला असतो, १९७०पासून हेड ट्यूबवर, म्हणजे हँडलखालच्या त्याच नळीवर. १९६५पासूनच्या क्रमांकात पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं. महिन्याला ए म्हणजे जानेवारी, वर्षाला ए म्हणजे १९६५. इंग्रजी ‘आय’ हे अक्षर दोन्हीकडे वगळलेलं आहे. म्हणजे ‘डी’ आणि ‘ई’ अशी सुरुवात असेल तर एप्रिल १९६९. ही तारीख क्रमांक कोरल्याची असते, सायकल त्यानंतर काही आठवड्यांनीही जोडलेली असू शकते. मागच्या चाकाचा हब (मधला गोल भाग) स्टर्मी-आर्चर कंपनीचा, तीन गिअरचा असेल तर त्याच्या कवचावरही साल आणि महिना असतो. दोन्ही तारखा जवळपास असल्या, तर चाक मूळचंच असण्याची शक्यता मोठी.

क्रमांक दिसत नसेल तर पितळी तारेच्या ब्रशने घासू नका. केरोसीनमध्ये भिजवलेला बोळा दहा मिनिटं त्यावर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने मळ काढा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करावं?

धुवावी. तेवढंच.

मी हे आग्रहाने सांगतो, कारण जे नुकसान परत भरून येत नाही, ते बहुतेक पहिल्याच शनिवारी होतं. माणूस उत्साहात असतो, हाताशी सँडपेपर असतो आणि संध्याकाळपर्यंत पन्नास वर्षांचा रंग जमिनीवर पडलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं घ्या. पाण्याचा जोराचा फवारा छर्ऱ्यांच्या जागी मारू नका. नंतर उन्हात न ठेवता सावलीत कोरडी करा.

मग क्रोम. यासाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पुरते. तिचा चुरगाळून बोळा करा, पाण्यात बुडवा आणि रिमवर हलक्या हाताने फिरवा. काळपट लगदा निघतो, तो पुसला की खालून चकाकी वर येते. मला हा क्षण अजूनही फार आवडतो. तपकिरी, मेलेलं वाटणारं हँडल वीस मिनिटांत खिडकीचं प्रतिबिंब दाखवायला लागतं. जिथे क्रोमच उडून गेलंय तिथे बारीक खड्डे राहतील, ते राहू द्या.

मात्र हे फक्त क्रोमवर. रंगावर आणि चेनकव्हरवरच्या अक्षरांवर नाही. माझ्या पहिल्या स्टिंग-रेचं चेनकव्हर मी चकाकी आणायच्या पेस्टने घासलं. ती अक्षरं रंगाखाली नसतात, रंगावर छापलेली असतात. चार-पाच हात मारेपर्यंत फडक्यावर पांढरं आलं आणि ‘रे’ पुसट झालं. शेजारच्या आजींनी आपल्या मुलाची सायकल मोठ्या विश्वासाने मला दिली होती. ते चेनकव्हर मी तसंच लावून ठेवलंय.

मूळ रंगाचं एवढं काय? खरवडलेला, विटलेला आहे. नवा दिला तर छानच दिसेल ना?

नवा दिसेल हे खरं. पण श्विनचे त्या काळचे चमकदार रंग, कॉपरटोन, व्हायलेट, लाइम वगैरे, दोन थरांचे असत. खाली चांदीसारखा थर, वर पारदर्शक रंगीत थर. उजेड आत जाऊन खालच्या थरावरून परत येतो, म्हणून नळी आतून पेटल्यासारखी दिसते. उन्हात वरचा थर विटतो आणि एकाच फ्रेमवर दोन छटा होतात. सीटखाली गडद, वरच्या नळीवर फिकट. हे हुबेहूब करणारे रंगारी आहेत, पण थोडे आणि महाग. कोपऱ्यावरच्या दुकानातलं पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण त्याला ती खोली येत नाही.

जाणकार गिऱ्हाईक विटलेल्या मूळ रंगाला नव्या रंगापेक्षा जास्त मोजतं. आणि पैसे सोडून दिले तरी माझं मत तेच राहील. कारखान्याने रंग एकदाच दिलेला असतो. वरच्या नळीवरचा तो ओरखडा कुणीतरी १९७१ साली भिंतीला सायकल टेकवताना पाडलेला आहे. तो काढून टाकायची घाई कशाला?

मग पूर्ण नव्याने कधी करावी?

रंग आधीच कुणीतरी घालवलेला असेल तेव्हा. सीटपोस्टचा क्लॅम्प सैल करून खाली बघा, पॅडलच्या धुऱ्याच्या नळीत आतून टॉर्च मारा. तिथे वेगळा रंग दिसला तर वरचा नंतरचा. अशी फ्रेम गंजून सोललेली असेल, तर मोकळ्या मनाने नवा रंग द्या.

त्याआधी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, तपासा. या सायकली पोरांनी फळ्यांवरून उड्या मारायला वापरल्या. बाजूने बघा. चिमट्याचे पाय मागे दबलेले दिसतात का? हँडलच्या नळीमागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटावर रंगाला सुरकुत्या आहेत का? असतील तर फ्रेम वाकलेली आहे. ती भिंतीवर टांगायला ठीक, चालवायला नाही.

रंग खरवडणार असाल तर एक धोका नीट समजून घ्या. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती वस्तूंच्या रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली. कोरडा सँडपेपर मारून त्याची धूळ घरात, मुलांच्या आसपास उडवू नका. ओलं घासा, योग्य मास्क लावा आणि नंतर कपडे वेगळे धुवा.

उघडताना काही अडतं का?

दोन ठिकाणी सगळेच अडतात. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, हे आपल्याकडच्या सायकलवाल्यांमुळे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण या सायकलींची दोन्ही क्रँक (पॅडल लागतात ते दांडे) मिळून एकच वाकवलेला लोखंडी दांडा असतो आणि त्याचा डावीकडचा नटही उलट्याच आट्याचा. जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवला की आटे गेले. डावं पॅडल काढायचं, डावीकडचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सोडवायचा आणि दांडा उजवीकडून वळवत बाहेर घ्यायचा. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते रॉकेलने धुवा, छर्रे नवे टाका. वर्षानुवर्षं उभी असलेली सायकल एवढ्याने फिरायला लागते.

नवे टायर आणले, बसतच नाहीत. दुकानदार म्हणतो २० इंचीच आहेत.

दुकानदार खोटं बोलत नाहीये, आकाराची नावंच फसवी आहेत. टायरवर अपूर्णांकात ‘२० × १ ३/४’ लिहिलंय की दशांशात ‘२० × १.७५’, ते वाचा. गणितात दोन्ही सारखे, पण सायकलीत नाहीत. श्विनच्या एस-७ रिमला अपूर्णांकवाला लागतो. त्याच्या बैठकीचा व्यास ४१९ मिलिमीटर. दशांशवाला ४०६ मिलिमीटरचा. तेरा मिलिमीटरचा फरक कितीही ओढून भरत नाही. ओढत बसलात तर ट्यूब चावते आणि रिमचं क्रोम पान्ह्याने सोलतं. शिवाय बऱ्याच स्टिंग-रेंना मागे रुंद एस-२ रिम असते आणि तिला ४०६चाच टायर लागतो. म्हणजे एकाच सायकलीला दोन वेगळी मापं. रिमवर एस-७ की एस-२ ते कोरलेलं असतं. ४१९चे टायर आजही नवे मिळतात.

जुना मूळ ‘स्लिक’, म्हणजे गुळगुळीत, टायर असेल तर तो चालवून फाडू नका. काढून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा.

कस्टम केली तर जुन्या सायकलींचे लोक नावं ठेवतील का?

काही ठेवतील. त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही, आणि त्याचं कारण पहिल्या उत्तरात आहे. जी सायकल पोरांनी गल्लीत दुसऱ्याच सायकलीचे भाग जोडून जन्माला घातली, तिला हात लावायचा नाही असा नियम कुठून येणार?

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन मुलांनी याच फ्रेमवर लोरायडर सायकली बनवल्या. मोठ्यांच्या जमिनीला टेकलेल्या गाड्या बघायच्या आणि आपल्या सायकलीवर तेच करायचं. पीळ दिलेल्या पट्ट्यांचे चिमटे, १४४ तारांची चाकं, मखमली सीटं, टाकीच्या जागी हाताने रंगवलेली चित्रं. बाप-लेकांनी मिळून वर्षभर खपून केलेलं ते काम असतं. दुसरीकडे १९७०च्या आसपास कॅलिफोर्नियातल्याच पोरांनी मडगार्ड, चेनकव्हर काढून स्टिंग-रे मातीत पळवल्या आणि त्यातून बीएमएक्स हा मातीतल्या सायकल शर्यतींचा खेळ उभा राहिला. तुम्हाला मिळालेल्या सायकलीला मडगार्ड नसतील तर ते बहुधा त्यापायीच गेले.

तेव्हा सजवा. फक्त फ्रेम निवडून घ्या. मूळ रंगाची, सगळे भाग शाबूत असलेली सायकल कापायला घेऊ नका, जिचा रंग आणि भाग आधीच गेलेत ती घ्या. आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी वॉशरसुद्धा, पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा. हँडल, सीट, चाकं बदलणं म्हणजे पान्ह्याचं काम, ते उद्या उलटं करता येतं. करवत आणि वेल्डिंग उलटं करता येत नाही. माझी रेघ तिथे आहे.

माझ्या सायकलीवर ‘क्रेट’ लिहिलंय. लॉटरी लागली का?

शांतपणे तपासा. क्रेट ही स्टिंग-रेमधली सर्वांत मिरवणारी मालिका, १९६८ ते १९७३. ‘ऑरेंज क्रेट’, ‘ॲपल क्रेट’, ‘लेमन पीलर’, ‘पी पिकर’ ही पहिली नावं. ‘कॉटन पिकर’ आणि ‘ग्रे घोस्ट’ नंतर आल्या. पुढे १६ इंची चाक, त्यात ड्रम ब्रेक, स्प्रिंगचा चिमटा, नळीवर पाच गिअरचा दांडा आणि सीटमागच्या कमानीलाही शॉक. मूळची, पूर्ण क्रेट आज हजारो डॉलरला जाते. साध्या स्टिंग-रेला शेकड्यांत मिळतात.

आता अडचण. यातले बहुतेक भाग साध्या स्टिंग-रेच्या फ्रेमवरही बसतात आणि स्प्रिंगच्या चिमट्यापासून स्टिकरपर्यंत सगळं नवं बनवून विकलं जातं. त्याशिवाय १९९०च्या दशकाच्या अखेरीस श्विनच्या नावानेच क्रेट पुन्हा काढल्या गेल्या, त्या आशियात बनलेल्या. छान सायकली आहेत, पण त्या किमतीच्या नाहीत. क्रमांकाचं साल, सांध्यावर फिरवलेलं बोट आणि क्लॅम्पखालचा रंग, या तिघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. एक जरी वेगळं बोललं, तर पैसे देण्याआधी थांबा.

२००४ साली आलेली, मागे जाडजूड टायरची, मोटरसायकलसारखी ‘स्टिंग-रे’ तर निराळीच. ती मुलांना चालवायला द्या.

श्विन नाही, दुसऱ्या कंपनीची आहे. मग?

तिची बाजारात मागणी सहसा कमी असते, पण चालवायला, सजवायला तीच जास्त मोकळी. मुलींसाठीच्या, वाकड्या नळीच्या ‘फेअर लेडी’सारख्या श्विनचंही तसंच. भाव कमी, म्हणून लोक त्यांचे भाग काढून मुलांच्या सायकलींना लावतात आणि फ्रेम भंगारात टाकतात. मला ते बघवत नाही.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी: रॅलेने २०२३ साली चॉपर पुन्हा काढली. त्यामुळे जुन्या चॉपरच्या जाहिरातीतही आता साल आणि क्रमांक विचारून घ्या.

दुरुस्तीचा खर्च विकून निघेल का?

बहुतेक वेळा नाही. हँडल, रिम, चिमटा यांना पुन्हा क्रोम चढवायचं बिलच साध्या स्टिंग-रेच्या किमतीपुढे जातं. फायद्यासाठी करायचं असेल तर स्वच्छ करा, छर्रे-ग्रीस बदला, चाकांचा आउट काढा, टायर घाला आणि विका. त्यापुढचा प्रत्येक डॉलर हौसेचा आहे, असं धरूनच खिशात हात घाला.

विकायची ठरली. किंमत कशी ठरवू?

ईबेवर लोक मागतात त्या किमती सोडा, विकल्या गेलेल्या सौद्यांच्या किमती बघा. साल, रंग, गिअर तुमच्यासारखेच असलेले चार-पाच सौदे मिळाले की अंदाज येतो. मिशिगनमध्ये वसंत ऋतूत ‘ॲन आर्बर’ नावाचा जुन्या सायकलींचा मोठा मेळावा भरतो. तिथे एक दिवस नुसतं फिरलात तरी डोळा तयार होतो.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. क्रमांक, क्रोमवरचे खड्डे, सीटची फाटलेली शिवण, हे मुद्दाम दाखवा. रंग नंतरचा असेल तर जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा. जाणकाराला ते दिसणारच आहे, आणि नवख्याला फसवू नये.

भाग सुटे विकले तर बेरीज जास्त होते, असं कुणीतरी सांगेल. बऱ्याचदा ते खरंही असतं. तरी पूर्ण सायकल तोडू नका, एवढी विनंती. अर्धवट फ्रेमवरून काढलेले भाग मात्र जरूर विका. कुणाची तरी अडलेली सायकल त्याने उभी राहते.

घरच्यांना विकायची आहे, मला ठेवायची आहे. काय करू?

आमच्या पिढीतले कित्येक जण वडिलांच्या काळ्या, २४ इंची सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारत सायकल शिकले. आपल्या मापाची, आपल्या रंगाची सायकल हे त्या वयात स्वप्नच होतं. इथे एखादी जांभळी स्टिंग-रे दिसली की म्हणूनच गलबलून येतं, हे मला ठाऊक आहे. ते कारण कमी नाही. पण मग ती गॅरेजच्या मागच्या भिंतीला, गवत कापायच्या यंत्राखाली पडता कामा नये. वर्षभरात तिला हात लागला नसेल तर जो लावेल त्याला द्या.

मुलांना चालवायला द्यावी का?

द्यावी, पण तपासून. सीटमागची कमान आणि तिचे बोल्ट बघा. लांब सीट दिसलं की मुलं मित्राला डबलसीट घेतातच, आणि मग सगळा भार मागच्या चाकामागे जाऊन पुढचं चाक उचलतं. नळीवरचा गिअरचा दांडा पडताना पोटात, मांडीत लागतो. सुरक्षेच्या तक्रारींमुळेच १९७०च्या दशकात तो बंद झाला. तुमच्या सायकलीला तो असेल तर लहान मुलाला नका देऊ. साधी, पॅडल मागे दाबून ब्रेक लागणारी स्टिंग-रे असेल तर आधी सपाट अंगणात, तुम्ही शेजारून चालत, तो ब्रेक मुलाच्या पायात बसू द्या. हाताच्या ब्रेकची सवय असलेली मुलं पहिल्या वळणावर हँडल आवळत राहतात आणि तिथे आवळायला काहीच नसतं.